चाकांवरचं घर : लेखांक ७ – डोलणारं ओझं कसं आवरावं?

पेट्रोल पंपावरून रस्त्यावर उतरताना पिकअपचं पुढचं एक चाक आधी उताराला लागतं, मग दुसरं. रिकाम्या ट्रकला याचं काही वाटत नाही. पण हौद्यात दीड-दोन टनांचा कॅम्पर बसवलेला असला, की त्याच जागी सगळं घर डावीकडे कलतं, मग उजवीकडे. ट्रक सरळ होऊन रस्त्याला लागला, तरी वरचा भाग आणखी दोन-तीन हेलकावे खाऊनच शांत होतो. आत कपाटांची दारं वाजतात, शेजारी बसलेल्याचा हात आपसूक दारावरच्या दांडीला जातो. अमेरिका-कॅनडात पिकअपवर अवजड कॅम्पर नेणाऱ्यांना हा अनुभव पहिल्याच प्रवासात येतो. घरी परतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे थांबवायला कुठला पार्ट बसवू?

गेल्या लेखांकात आपण ट्रकच्या दारालगतच्या खांबावर चिकटवलेला वजनाचा तक्ता वाचायला शिकलो. आजच्या प्रश्नाचं उत्तरही तिथूनच शोधायला लागायचं आहे. एक खुलासा आधीच करतो. आज बोलतोय ते हौद्यात बसणाऱ्या कॅम्परबद्दल. मागे जोडून ओढायच्या ट्रेलरचं शेपटीसारखं हलणं हा वेगळा प्रकार आहे, त्याची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. त्यावर पुढे स्वतंत्र लेखांक येईल.

उंचीचा हिशेब

कडबा उंच रचलेली बैलगाडी चाकोरीत किती कलते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मूळ मुद्दा वेगळा सांगायला नको. आता तोच मुद्दा आकड्यांत बघू. समजा, ट्रकचं वजन ३,५०० किलो आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून ७५ सेंटिमीटरवर आहे. त्यावर १,६०० किलोचा कॅम्पर चढवला. हौद्याची उंची धरून त्याचा गुरुत्वमध्य १९० सेंटिमीटरवर येतो. दोन्ही मिळून गुरुत्वमध्य आता साधारण १११ सेंटिमीटरवर गेला, म्हणजे जवळपास पाऊण हात वर.

वाहन उलटण्याचा धोका मोजताना अमेरिकेची राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्था एक सोपं गुणोत्तर वापरते : दोन चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागायचं. उत्तर जितकं लहान, तितका उलटण्याचा धोका मोठा. चाकांमधलं अंतर १७३ सेंटिमीटर धरलं, तर आपल्या रिकाम्या ट्रकचं उत्तर १.१५ येतं आणि कॅम्परसह ०.७८. इंजिन तेच, स्टिअरिंग तेच, चालवणाराही तोच. पण रस्त्यावरचं वाहन मात्र वेगळं झालं. स्प्रिंगचे पाटे आणि टायर दबल्यामुळे प्रत्यक्षात स्थिती या आकड्याहूनही थोडी नाजूक असते.

आधी काटा

म्हणून पहिली पायरी वजनाची. अमेरिकेत हमरस्त्यांवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट कंपनीचे वजनकाटे असतात. ट्रकची पुढची चाकं एका फळीवर आणि मागची दुसऱ्या फळीवर उभी करायची, की दोन्ही ॲक्सलवरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. वजन करायचं ते प्रवासाला निघतो तसंच : इंधनाची टाकी भरलेली, पाणी भरलेलं, माणसं बसलेली, डबे-भांडी-अंथरुणं जागेवर. कॅम्परच्या माहितीपत्रकातलं वजन बहुधा कोरडं असतं. त्यात पाणी, गॅस, बॅटऱ्या, वरून बसवलेलं सामान आणि आपला संसार धरलेला नसतो.

ट्रकच्या नावावरही विसंबू नये. १९६० साली लेखक जॉन स्टाइनबेक अमेरिका बघायला निघाले, ते जीएमसी पिकअपवर कॅम्पर बसवून. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक त्याच प्रवासाचं. 'रोसिनांते' नावाचा त्यांचा तो ट्रक आजही कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासच्या नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये बघायला मिळतो. तो पाऊण टनी वर्गातला होता. अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी ही नावं तेव्हापासून आजवर तशीच चालत आली. पण आज त्यांचा प्रत्यक्ष भारक्षमतेशी मेळ राहिलेला नाही. एकाच नावाच्या दोन ट्रकांची क्षमता इंजिन, केबिन आणि सोयींप्रमाणे शेकडो किलोंनी वेगळी असू शकते. खरा आकडा आपल्या ट्रकच्या दारावरचाच.

काट्यावर आणखी एक गोष्ट कळते. ट्रक एकदा रिकामा आणि एकदा कॅम्परसह तोलावा. कॅम्पर चढवल्यावर पुढच्या ॲक्सलवरचं वजन थोडं वाढलं पाहिजे, निदान कमी तरी होऊ नये. कमी झालं, तर कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्याही मागे पडतोय. मग ट्रकचं नाक उचललं जातं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि डोलण्यात पुढे-मागे हिंदकळण्याची भर पडते. हौद्यात बसणाऱ्या कॅम्परचं वजन आणि त्याच्या गुरुत्वमध्याची जागा उत्पादकाने कळवावी, असा अमेरिकेत संघराज्याचा नियमच आहे. पुष्कळ कॅम्परच्या बाजूला ती जागा खुणेने दाखवलेली असते. ती खूण मागच्या चाकाच्या मध्यावर किंवा त्याच्या पुढे यायला हवी.

आत सामान लावतानाही हेच सूत्र पाळायचं : जड ते खाली आणि पुढे. डबाबंद अन्न, हत्यारं, जनरेटर यांची जागा जमिनीलगत. छतावर काहीही ठेवू नये. तिथला दहा किलोचा डबा खालच्या दहा किलोंपेक्षा कितीतरी जास्त हेलकावा देतो. पाण्याची टाकी अर्धवट भरून चालवणं टाळावं. चाळीस गॅलनच्या टाकीत सुमारे दीडशे किलो पाणी मावतं. निम्म्या टाकीतलं पाणी वळणावर बाहेरच्या बाजूला धावतं आणि नेमक्या नको त्या क्षणी कलण्यात भर घालतं. वजनाची मुभा असेल तर टाकी भरून न्यावी, नसेल तर रिकामी नेऊन मुक्कामी भरावी.

मग हवा, मग बांधणी

दुसरी पायरी टायरची. टायरची बाजूची भिंत ही रस्त्यालगतची पहिली स्प्रिंग असते. तीच मऊ असेल, तर वर काहीही बसवलं तरी ट्रक टायरवरच डोलतो. प्रवासी गाड्यांच्या जातीचे टायर अवजड कॅम्परखाली चालत नाहीत. तिथे 'ई' भारश्रेणीचे टायर लागतात, आणि त्यांची पूर्ण क्षमता साधारण ८० पीएसआय हवेला मिळते. रिकाम्या ट्रकला मऊ चाल मिळावी म्हणून पुष्कळ जण हवा कमी ठेवतात आणि कॅम्पर चढवल्यावर ती वाढवायची राहून जाते. काट्यावर आलेलं मागच्या ॲक्सलचं वजन हातात घ्यावं, टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा सांगितली आहे ते बघावं आणि सकाळी टायर थंड असताना तेवढी भरावी. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे मात्र जाऊ नये, आणि रिमचीही मर्यादा असते हे लक्षात ठेवावं. मागे दोन्ही बाजूंना जोडटायर असलेले ट्रक कॅम्परखाली इतके स्थिर का वाटतात, त्याचं उत्तर इथेच आहे : भार उचलायला चार भिंतींऐवजी आठ भिंती, आणि पायाही रुंद.

तिसरी पायरी बांधणीची. कॅम्पर हौद्यात सैल असेल तर तो ट्रकबरोबर डोलत नाही. ट्रक एकीकडे जाऊन परतायला लागला की तो थोड्या उशिराने आदळतो, आणि प्रत्येक हेलकाव्यात धक्का मिसळतो. तपासणी सोपी आहे. एकाने कॅम्परचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी ढकलावा, दुसऱ्याने कॅम्पर आणि हौद्याची कड यांच्यातल्या फटीकडे बघावं. ट्रक आणि कॅम्पर एकत्र हलले तर बांधणी ठीक. फट उघड-मीट करत असेल, तर चारही कोपऱ्यांचे टर्नबकल, म्हणजे कॅम्परला ट्रकशी बांधणारे, फिरवून आवळायचे दांडे, तपासावेत. खाली जाड रबरी चटई घालावी, म्हणजे कॅम्पर घसरत नाही. चासीला बसवलेले हुक हौद्याच्या पत्र्याला बसवलेल्या हुकांपेक्षा जास्त भरवशाचे. पण टर्नबकल जीव खाऊन आवळू नयेत. लाकडी सांगाड्याच्या कॅम्परमधून हुक उपटून आल्याची उदाहरणं आहेत. निघाल्यावर पहिल्या थांब्यावर पुन्हा एकदा हात लावून बघावं, कारण सुरुवातीच्या काही मैलांत सगळं बसतं आणि थोडं सैल होतं.

पार्टची पाळी आता

इथवर केल्यावर पुष्कळ ट्रक शांत होतात. तरीही डोलणं उरलं, तर ते नेमकं कोणत्या जातीचं आहे हे आधी ओळखावं. प्रत्येक जातीचा पार्ट वेगळा असतो.

लांब वळणावर ट्रक एका बाजूला कलून तसाच राहत असेल, तर आडवा कणखरपणा कमी पडतोय. इथे अँटी-रोल बार कामी येतो. हा पोलादी दांडा दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडतो. एक बाजू दबली की तो पिळला जातो आणि त्या बाजूला वर रेटतो. या कल्पनेचं पेटंट कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ साली घेतलं. दांड्याचा पिळाला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ मिलिमीटरऐवजी ३२ मिलिमीटरचा भरीव दांडा बसवला, तर हाताला फक्त सात मिलिमीटरचा फरक लागतो. पण विरोध अडीचपटींहून जास्त होतो. अनेक पिकअपना पुढे हा बार असतो आणि मागे नसतो, म्हणून मागचा बार बसवल्यावर फरक लगेच जाणवतो. मात्र अतिरेक नको. मागची बाजू फारच ताठ झाली, की ओल्या रस्त्यावरच्या वळणात मागचं बाहेरचं चाक लवकर पकड सोडतं.

सुरुवातीचा थोडा कल झटकन येतो आणि मग ट्रक सावरतो, असं होत असेल तर पाट्यांकडे बघावं. जादा भारासाठीचा पाटा पुष्कळ ट्रकांत मुख्य पाट्यांपासून थोडं अंतर ठेवून बसवलेला असतो. तो टेकेपर्यंत सगळं ओझं मऊ पाट्यांवरच झुलतं. ती फट भरणारे ठोकळे मिळतात. ते बसवले की तो पाटा पहिल्यापासून कामाला लागतो.

एका खड्ड्यानंतर हेलकावे थांबतच नसतील, किंवा सिमेंटच्या रस्त्यावरच्या सांध्यांवर नाक वर-खाली होत राहत असेल, तर दोष शॉकॲब्सॉर्बरचा. शॉक कलण्याचा कोन कमी करत नाही. हालचालीचा जोर तो जिरवतो. कंपनीने दिलेले शॉक रोजच्या वापराच्या ट्रकसाठी असतात. अवजड कॅम्परला जास्त ताकदीचे लागतात.

मागची बाजू बसली असेल, तर हवेचे फुगे उपयोगी पडतात. ते ट्रक समतल करतात, पण डोलण्यावर त्यांचा मुख्य उपाय म्हणून भरवसा ठेवू नये. दोन्ही फुग्यांना हवा एकाच नळीतून दिली असेल, तर वळणावर दबलेल्या फुग्यातली हवा मोकळ्या फुग्यात जाते आणि कल उलट वाढतो. दोन फुगे, दोन स्वतंत्र नळ्या, हे पक्कं करून घ्यावं.

एका वेळी एकच बदल करावा आणि ओळखीच्या त्याच रस्त्यावर ट्रक चालवून बघावा. चार पार्ट एकदम बसवले, तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

वारा आणि वेग

वायोमिंगमधून जाणारा आय-८० हा महामार्ग लॅरमी ते रॉलिन्सदरम्यान एल्क माउंटनच्या परिसरात वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वारा फार चढला, की हलक्या आणि उंच वाहनांना तो रस्ता बंद केला जातो. साडेतीन मीटरच्या आसपास उंची असलेला कॅम्पर म्हणजे वाऱ्यापुढे उभी केलेली भिंतच. अशा दिवशी थांबणं हाच उपाय, आणि तो कमीपणाचा मुळीच नाही. शेजारून अठरा चाकी ट्रक गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं होतं. तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा आणि झटक्याने स्टिअरिंग फिरवू नये. हेलकाव्याच्या विरुद्ध घाईने मारलेलं वळण पुढच्या हेलकाव्याला बळ देतं.

वळणावरचा बाहेरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्याच वळणावर ताशी ६५ मैलांऐवजी ५५ मैलांनी गेलं, तर तो सुमारे २८ टक्क्यांनी घटतो. एवढा फरक एक पैसाही न घालवता पडतो.

डोलणं हा इशारा आहे

आजच्या लेखांकातलं सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगतो. बाजारात मिळणारा कुठलाही बार, पाटा, फुगा किंवा शॉक ट्रकची दारावर लिहिलेली वजनमर्यादा वाढवत नाही. ब्रेक तेच राहतात, ॲक्सल तोच, बेअरिंगही तेच. मर्यादेबाहेर भरलेला ट्रक डोलतो, तेव्हा तो चालवणाऱ्याला काहीतरी सांगत असतो. पार्ट बसवून ते डोलणं बंद केलं आणि वजन तसंच ठेवलं, तर धोका जागच्या जागी राहतो, फक्त तो सांगणारं कुणी उरत नाही. असा शांत वाटणारा ट्रक डोलणाऱ्या ट्रकपेक्षा मला जास्त घातक वाटतो, कारण त्याच्या स्टिअरिंगवर बसलेला माणूस निर्धास्त असतो आणि मागे त्याची मुलं झोपलेली असतात.

काट्याची पावती मर्यादेत असेल, तर वरचे सगळे उपाय खुशाल करावेत. प्रवास सुखाचा होईल. पावती मर्यादेबाहेर असेल, तर मार्ग दोनच : हलका कॅम्पर किंवा मोठा ट्रक. पार्टवर खर्च करण्याआधी ही पावती हातात असू द्या.

पुढच्या लेखांकात : हाच भरलेला ट्रक लांब घाट उतरताना ब्रेक का तापतात, आणि गिअरने वेग कसा धरून ठेवायचा.