‘पाठविणे’ : बायबलमधील एका क्रियापदाचा माग

हिब्रू बायबलचे आधुनिक अध्ययन दीर्घकाळ एका प्रश्नाभोवती फिरत राहिले : ग्रंथाचा कोणता भाग कोणत्या काळी, कोणत्या स्रोतातून आला? मेनाखेम पेरी व मेइर स्टर्नबर्ग यांचा १९६८ मधील हिब्रू लेख आणि रॉबर्ट अल्टर यांचे बायबलच्या कथनकलेवरील १९८१ मधील पुस्तक यांनी दुसरा प्रश्न पुढे आणला : समोरची कथा सांगितली आहे कशी?

पेरी-स्टर्नबर्ग यांनी निवडलेलीच कथा आपण घेऊ : दुसरे शमुवेल, अध्याय ११. वाचताना ‘पाठविणे’ या क्रियापदावर बोट ठेवावे. दावीद राजा सैन्य युद्धावर पाठवितो, स्वतः यरुशलेमेत राहतो. माणूस पाठवून स्नान करणाऱ्या स्त्रीची चौकशी करतो. दूत पाठवून तिला आणवितो. ती बथशेबा, त्याच्याच सैन्यातील उरीया हित्ती याची पत्नी. पुढे उरीयाच्या मृत्यूचा हुकूमही तो उरीयाच्याच हाती पाठवितो. पालि सुत्तांतील पुनरुक्ती पाठांतराची सोय समजून आपण ओलांडून जातो (ही सवयही तपासण्याजोगी आहे). येथे मात्र ती सत्तेचे स्वरूप उघड करते. राजा जागचा हलत नाही. माणसे हलविली जातात. बाराव्या अध्यायारंभी तेच क्रियापद उलटते. परमेश्वर नाथानाला राजाकडे पाठवितो, आणि गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट ऐकून राजा नकळत स्वतःलाच मृत्यूस पात्र ठरवितो.

बथशेबाही एकदा निरोप पाठविते, आपण गरोदर असल्याचा. हिब्रूत ते अवघे दोन शब्द. या अध्यायात तिच्या तोंडी दुसरे काही नाही. तिची इच्छा काय होती, हे निवेदक सांगत नाही. ही रिकामी जागा पुष्कळ भाष्यकारांनी तिच्यावर दोष ठेवून भरली. संहितेत तसा दोष कोठेही नाही. म्हणून अध्यापकाने विद्यार्थ्यांकडून आधी दोन रकाने करून घ्यावेत : संहितेत काय आहे आणि आपण काय घातले.

घटना खरोखर घडली काय, याचे उत्तर या पद्धतीने मिळत नाही; ते इतिहाससंशोधनाचे काम. परंतु ‘पहिले इतिहास’ या ग्रंथाचा अध्याय २० शेजारी ठेवावा. आरंभ जवळपास तोच : युद्धाचा ऋतू, यरुशलेमेत राहिलेला दावीद. त्यानंतर लगेच नगराचा पाडाव आणि राजमुकुट. बथशेबा, उरीया, नाथान यांचा तेथे उल्लेखही नाही.