कोलामी, गोंडी आणि शिक्षकाचा प्रश्न

भाषा जगवायची म्हणजे काय करायचे, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण शब्दकोश, संमेलने, गौरव दिन अशी उत्तरे देतील. ही कामे हवीतच. परंतु ज्या भाषा मरणाच्या दारातून परत आल्या, त्यांचा इतिहास चाळला तर गाडी अडली ती एकाच ठिकाणी असे दिसते. वर्गात उभे राहून ती भाषा बोलणारा, आणि त्याच भाषेत गणितही शिकविणारा माणूस मिळेना.

हा प्रश्न मराठवाड्याला अगदीच परका नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूतून, माध्यमिक शिक्षण उर्दूतून, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतूनच. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इतिहास-भूगोल परक्या भाषेत पाठ करावा लागे. तरीही मराठी तगली. त्याची कारणे अनेक आहेत, परंतु एक असे की शिक्षक मिळत होते. तेव्हाच्या औरंगाबादेत १९१५ पासून सरस्वती भुवन होते, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा होती, अंबाजोगाईला योगेश्वरी होती. स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात येण्यापूर्वी हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षकच होते. शिवाय सरहद्दीपलीकडे पुण्या-मुंबईत मराठी शाळा आणि छापखाने होते, तेथून पुस्तके येत, माणसेही येत. ज्या भाषेला सरहद्दीपलीकडे असे माहेर नाही, तिने काय करावे?

अशा भाषा आपल्या शेजारीच आहेत. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरकडे आणि यवतमाळच्या केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागांत कोलाम राहतात. त्यांची कोलामी ही मराठीची बोली नव्हे, ती तेलुगू-कन्नडच्या द्रविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. पाण्याला कोलामीत 'ईर' म्हणतात, गोंडीत 'येर', तेलुगूत 'नीरु'. २०११ च्या जनगणनेत कोलामी सांगणारे सव्वा लाखाच्या आसपास होते आणि गोंडी सांगणारे तीस लाखांच्या जवळ. म्हणजे गोंडी बोलणारे काही युरोपीय देशांच्या लोकसंख्येहून अधिक आहेत, परंतु संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही.

पहिलीत बसलेल्या कोलाम मुलासमोर गुरुजी 'पाणी' म्हणतात आणि मूल गप्प राहते. आपल्याकडचे मूल शाळेत 'काय करायलास' म्हणाले तर गुरुजी हसतात, फार तर 'काय करतोस म्हण' असे सांगतात. पण गुरुजींचे बोलणे त्या मुलाला कळते. कोलाम मुलाला काहीच कळत नाही, आणि त्या गप्प बसण्यालाच आपण मंदपणा म्हणून मोकळे होतो. संविधानाचा ३५० (क) हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगतो. तो १९५६ साली आला. पण सोय कोण करणार? आपल्या राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेत पहिली भाषा म्हणून मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी यांच्याबरोबर कन्नड, तेलुगू, गुजराती, सिंधी, बंगालीही घेता येतात. गोंडी आणि कोलामी त्यांत नाहीत. त्यामुळे होते असे की, ज्याला गोंडी येते त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही आणि ज्याच्याजवळ प्रमाणपत्र आहे त्याला गोंडी येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. जुन्या 'गोटुल' या संस्थेचे नाव तिला दिले आहे. शिकविणारे गोंडी बोलणारे, तिथल्याच भागातले. २०२२ मध्ये मान्यता नसल्याबद्दल शिक्षण खात्याची नोटीस आली आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागले. शाळांना नियम हवेत हे मला मान्य आहे, परंतु जे शिक्षक तयार करण्याची व्यवस्थाच नाही, त्यांच्यासाठी मान्यतेची अट कोणी पुरी करावी?

थेट असाच पेच पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर पडला होता. तेथे १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. जिच्यात शंभराच्या वर नियतकालिके निघून गेली होती, ती हवाईयन भाषा घरातूनही उठत गेली. १९८० च्या सुमारास ती बोलणारी अठरा वर्षांखालील मुले पन्नाससुद्धा नव्हती. १९८३ साली काही शिक्षकांनी 'पुनाना लेओ' ही संस्था काढली. अर्थ : आवाजांचे घरटे. न्यूझीलंडच्या माओरींनी वर्षभर आधी असेच बालवर्ग सुरू केले होते, त्यांचा धडा समोर होता. बालवाडीत दिवसभर फक्त हवाईयन. शिकविणार कोण, तर आजी-आजोबांच्या पिढीतली माणसे. आणि नेमके तेथेच सरकारी नियम आडवे आले, कारण या म्हाताऱ्या माणसांजवळ शिक्षकाचा परवाना नव्हता. १९८६ साली कायदे बदलून ती अट सैल केली, हवाईयन माध्यमावरची बंदीही उठवली, आणि १९८७ पासून सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग भरू लागले.

सूट म्हणजे तात्पुरती टेकण. वृद्ध माणसे किती वर्षे पुरणार, आणि वरच्या वर्गांतले विज्ञान कोण शिकविणार? म्हणून हिलो येथील विद्यापीठात १९९७ साली हवाईयन भाषेचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले आणि त्याने शिक्षकांचा पदव्युत्तर वर्ग काढला. प्रवेशासाठी आधी भाषा पक्की हवी. मग उन्हाळ्यात अध्यापनशास्त्राचा अभ्यास, तोही हवाईयनमधूनच, आणि पुढे वर्षभर हवाईयन माध्यमाच्या शाळेत अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली प्रत्यक्ष अध्यापन. हे शिकणारे बरेच जण ती भाषा घरी ऐकत वाढलेले नाहीत. ती त्यांनी मोठेपणी कमावलेली आहे. मला या सगळ्या हकिकतीत हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

गोंडीच्या वाटेत आणखीही अडचणी आहेत. ती पाच-सहा राज्यांत विखुरलेली आहे, प्रांतागणिक बोलणे बदलते, लिपीवरही एकमत नाही. कोणी देवनागरी वापरतात, कोणी मसराम लिपी, कोणी आदिलाबादकडील गुंजाळा लिपी. पण लिपीचा वाद मिटेपर्यंत पहिलीचे मूल थांबत नाही.

आपल्या वर्गातील अनेकांचा डोळा मास्तरकीवर आहे, माझाही आहे. नेमणूक किनवटला होईल की धानोऱ्याला, हे यादी लागल्यावर कळेल. किनवटला झाली, तर पहिल्या दिवशी 'ईर' म्हणजे काय हे निदान या लेखाच्या वाचकांना ठाऊक असेल. दुसऱ्या दिवसापासून लागणारे शब्द शिकविणारा वर्ग आज आपल्या विद्यापीठात भरत असता, तर त्यात नाव घालणाऱ्यांत मी पहिला असतो.