डेटाबेस पुन्हा पुन्हा ‘सुरू’ का होतो?

टपाल-आवक नोंदणीसारखी एखादी लहान आज्ञावली उघडताच सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘स्टार्टिंग अप डेटाबेस’ अशी ओळ उमटते. वस्तुतः सर्व्हर बंद पडलेलाच नसतो. अशा शेकडो ओळी साचल्या की बिघाडाची शंका येणे स्वाभाविक आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये याचे कारण बहुधा ‘ऑटो क्लोज’ हा पर्याय असतो. तो चालू असल्यास शेवटची जोडणी संपताच डेटाबेस बंद होतो आणि पुढील जोडणीस नव्याने उघडतो. प्रत्येक ग्राहकामागे स्ट्राँगरूम बंद करून पुढच्यासाठी पुन्हा उघडावी, तसाच हा प्रकार. विनामूल्य ‘एक्स्प्रेस’ आवृत्तीत हा पर्याय मुळातच चालू असतो. व्यापारी ग्राहकांच्या हिशेबाच्या काही आज्ञावल्याही याच आवृत्तीवर चालतात. असा डेटाबेस पुढे मोठ्या सर्व्हरवर नेला, तरी ही सवय त्याच्यासोबत जाते.

मात्र प्रत्येक वापरामागे ओळ दिसेलच असे नाही. डॉट नेटमधील आज्ञावली जोडणी लगेच तोडत नाही. न वापरलेली जोडणी साधारण ४ ते ८ मिनिटे राखून ठेवते. त्यामुळे गर्दीच्या वेळी लॉग शांत असतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा ओळ दिसते.

खरा धोका निराळाच आहे. डेटाबेस उघडताना, ‘चेकडीबी’ तपासणी दोषाविना पूर्ण झाल्याचीही एक ओळ येते. ती वाचून तपासणी आजच झाली, असा समज एका कार्यालयात अनेक महिने रूढ होता. प्रत्यक्षात त्या ओळीतच शेवटच्या यशस्वी तपासणीची तारीख असते, आणि तेथे ती फार जुनी होती! लॉगचा दिनांक सर्वांनी वाचला, ओळीतील तारीख कोणीच वाचली नव्हती. शिवाय या गर्दीत १८४५६ क्रमांकाची, म्हणजे लॉगिन फसल्याची, महत्त्वाची नोंद सहज नजरेआड होते.

उपाय सोपा आहे. ‘सिस डॉट डेटाबेसेस’ या यादीत ज्या डेटाबेसच्या ‘इज ऑटो क्लोज ऑन’ रकान्यात १ दिसेल, त्याचा हा पर्याय ‘ऑल्टर डेटाबेस’ आज्ञेने बंद करावा. सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही. त्यानंतर ‘चेकडीबी’ तपासणी त्याच दिवशी स्वतः चालवावी.