गॅप मणक्यात, दुखणे खुब्यात

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य साठी ओलांडलेल्या कंबरदुखीच्या रुग्णाच्या तोंडी इतके रुळले आहे, की त्यापुढे कुणी काही विचारतच नाही. या वाक्यामागे सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. 1934 मध्ये बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी शस्त्रक्रियांच्या आधारे दाखवले, की मणक्यांमधली सरकलेली चकती मज्जातंतूवर दाब आणते आणि त्यातून सायटिका उद्भवतो. शोध खराच होता, पण पुढे जवळजवळ प्रत्येक कंबरदुखीचे खापर चकतीवर फुटू लागले. 1954 मध्ये उट्रेख्टच्या हेंक व्हर्बिस्ट यांनी वेगळे कारण मांडले. मज्जारज्जूची नळीच अरुंद झाली, तर उभे राहिल्यावर, चालल्यावर पाय भरून येतात आणि खाली बसले की बरे वाटते. उतारवयातल्या अनेकांचे दुखणे या वर्णनात अधिक चपखल बसते. तरीही बोट पाठीच्या कण्यावरच राहिले. 1983 मध्ये ऑफिएर्स्की आणि मॅकनॅब या डॉक्टरांनी कंबर आणि खुबा यांची दुखणी एकमेकांत मिसळतात, एक दुसऱ्याच्या नावावर खपते, हे लिहिले, तेव्हा कुठे खुब्याकडे नीट लक्ष गेले.

एव्हाना एमआरआय आला होता. त्याने कण्याची आतली बाजू लख्ख दाखवली आणि तिथेच घोटाळा वाढला. 1994 मध्ये अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. 2015 च्या एका आढाव्यानुसार तर काहीही न दुखणाऱ्या ऐंशीच्या वयाच्या माणसांपैकी 96 टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या असतात. म्हणजे या वयात फोटोत ‘गॅप’ न दिसणे हेच नवल. केस पिकावेत तशी ती झीज आहे. ती दिसली एवढ्यावरून दुखणे तिथलेच, असे कसे म्हणावे?

यावर रास्त आक्षेप असा, की मग एमआरआय बंदच करायचा का? मुळीच नाही. वजन घटत असेल, ताप असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, पायातली ताकद किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर एक दिवसही दवडू नये. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आहे, आणि हाडे ठिसूळ झालेल्या बाईचा मणका साध्या वाकण्यानेही पिचतो. तिथे फोटोच वाट दाखवतो. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. हाताने तपासणे आधी, चित्र नंतर. वेळ कुठे आहे, असे गर्दीच्या ओपीडीतले डॉक्टर म्हणतील आणि त्यांची अडचण खोटी नाही. पण मांडी घालता येते का, पायाची नखे कापता येतात का, दुखऱ्या कुशीवर झोपवते का, हे विचारायला फार वेळ लागत नाही. कुशीवरचे दुखणे बहुधा खुब्याच्या बाहेरच्या स्नायुबंधांचे असते. आणि रुग्णाला उताणे झोपवून, गुडघा दुमडून पाय आतल्या बाजूला वळवताना जांघेत ओळखीची कळ आली, तर कंबरेच्या एमआरआयआधी खुब्याचा साधा एक्स-रे काढलेला बरा.