दोनदा ओढलेली रेघ

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, गाभाऱ्याच्या दाराशी आपल्या डाव्या हाताला पद्मपाणी उभा आहे. उजव्या हातात निळं कमळ, मान कललेली, नजर खाली. मंद उजेडाला डोळे सरावले की त्याची भुवई नीट पाहावी. अख्खी भुवई एका रेघेत आली आहे, आणि हात मध्ये कुठे अडखळला असेल असं वाटत नाही. पाचव्या शतकात कुणी तरी ती उभ्या भिंतीवर ओढली. छतावरची चित्रं तर मान वर करूनच काढली असणार.

नुकतीच स्केचबुक विकत घेतलेल्या माणसाचा इथे धीर सुटतो. ‘हे उपजतच असावं लागतं,’ असं म्हणून तो वही मिटतो. पण ही भिंत तयार कशी झाली, ते ऐकलं तर तो वही पुन्हा उघडेल.

कातळावर आधी मातीचा गिलावा चढवायचे. त्यात दगडाची भुकटी, भाताचा कोंडा, गवत असे. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग गेरूसारख्या तांबड्या रंगात मोकळं रेखाटन. त्यावर हिरवट रंगाचा इतका पातळ थर, की खालची तांबडी रेघ दिसत राहावी. मग अंगाचे, वस्त्रांचे, दागिन्यांचे रंग. एवढे थर बसल्यावर मूळ रेखाटन बुजणारच. म्हणून शेवटी काळ्या-तपकिरी रंगाने बाह्यरेषा पुन्हा ओढायची. आपण ज्या रेघेपुढे थक्क होतो, ती ही शेवटची. पहिली तिच्या खाली आहे, आणि काही ठिकाणी रंगाच्या खपल्या पडल्यामुळे ती उघडीही पडली आहे.

पहिली रेघ जागा शोधते, दुसरी ती पक्की करते. नवशिका मात्र पहिलीच रेघ पक्की मानून पेन्सिल दाबून ओढतो, ती चुकली की खोडतो, पुन्हा तिथेच ओढतो. कागद फाटायला येतो आणि चूक जागची हलत नाही.

ती हलत नाही, कारण ती हातात नसतेच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वर्गात वस्तुचित्राला ठेवलेला तांब्या आठवा. त्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून ते जरा जास्तच गोल निघतं. तांब्या टेबलावर सपाट बसला आहे हेही ठाऊक असतं, म्हणून बुड सरळ रेघेचं निघतं. प्रत्यक्षात बुड आपल्या नजरेच्या पातळीपासून तोंडापेक्षा खाली असतं, त्यामुळे त्याची वाटोळी कड तोंडाच्या कडेपेक्षाही जास्त वाकलेली दिसते. समोर दिसणारं आपण काढलेलं नसतं, मनात पक्कं असलेलं काढलेलं असतं.

याला मेंदूचा आळस म्हणू नये. ताट कुठल्याही कोनातून गोलच वाटावं, दूरचा माणूस बुटका वाटू नये, अशी दुरुस्ती मेंदू क्षणोक्षणी करतो म्हणून तर आपण धडपडत नाही. चित्र काढताना हीच दुरुस्ती आडवी येते. चेहऱ्याचंच घ्या. डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळपास मध्यावर असतात, पण नवशिका ते बरेच वर काढतो. आपलं सगळं लक्ष नाक-डोळ्यांकडे असतं, कपाळ आणि डोक्याचा माथा कुणी पाहतच नाही.

मेंदूला चकवायच्या युक्त्या साध्या आहेत आणि सरावाला बीबी का मकबरा उत्तम. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी सतराव्या शतकात बांधलेली ही वास्तू. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार, चारही सारखे उंच. बाजूला थोडं तिरकं बसा. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिल समोर धरा आणि जवळचा मिनार अंगठ्याने मोजा. तेच माप लांबच्या मिनाराला लावा. फरक पाहून चकित व्हाल, आणि मोजेपर्यंत तो जाणवला नव्हता याचंही नवल वाटेल.

दुसरी युक्ती अशी की घुमट काढूच नका. घुमट आणि मिनार यांच्यामधला आकाशाचा तुकडा काढा. त्या आकाराला नाव नाही, त्यामुळे मेंदूकडे त्याचा ठरीव नमुनाही नाही. निमूटपणे पाहावंच लागतं. तुकडा जमला की घुमट आपोआप जागेवर येतो. चित्र उलटं ठेवून नक्कल करण्याचा सरावही याच तत्त्वावर चालतो. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ सालच्या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. उजव्या-डाव्या मेंदूचा त्यातला सिद्धान्त आता जसाच्या तसा कुणी मानत नाही, पण सराव कामाला येतो.

नक्कल करणं कमीपणाचं नाही, हेही अजिंठ्यानेच दाखवलं आहे. १८७२ पासून पुढे काही वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत आणि भिंतींवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवून घेत. भारतीय विद्यार्थ्याला शिकायला याहून चांगले नमुने नाहीत, असं त्यांचं मत होतं. पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांतले. त्यांतल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमधल्या आगीत जळाल्या, पण विद्यार्थ्यांचा हात तोवर तयार झाला होता. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस इथे नकला करायला आले तेव्हा ते विशी-तिशीतले होते. राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट पुढे त्यांच्याच देखरेखीखाली झाली.

हात बसायला वेळ लागतो, आणि त्याआधी नजर तयार व्हावी लागते. म्हणून येत्या रविवारी खोडरबर घरीच ठेवा. पहिली रेघ फिकट ओढा, मान वर करून पुन्हा पाहा, आणि चुकलेली तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढा. दोन रेघांमध्ये जेवढं अंतर पडलं, तेवढं त्या दिवशी तुम्ही नव्याने पाहिलं. पानावर तारीख घाला आणि वही फेकू नका. महिन्याभराने ते अंतर कमी झालेलं दिसेल.