गतिपेटी, स्वयंचलित बहुवेगी

मोटारगाडीचे एंजिन व तिची चालक चाके यांच्या फिरण्याच्या वेगांचे परस्पर प्रमाण चालकाच्या हस्तक्षेपाशिवाय बदलणारी व पुढे जाण्याचे पाच किंवा अधिक वेग असलेली यंत्रणा. व्यवहारात हिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणतात. द्रवाच्या माध्यमातून शक्ती पुढे देणारा टॉर्क परिवर्तक, ग्रहगतीने फिरणाऱ्या दंतचक्रांच्या माला, या मालांचे भाग जोडणारे वा रोखून धरणारे क्लच आणि त्यांचे नियंत्रण करणारी द्रवीय व इलेक्ट्रॉनीय यंत्रणा हे तिचे मुख्य भाग होत. हाताने गिअर बदलण्याच्या साध्या पेटीलाच यांत्रिक हात जोडून केलेली पेटी, दोन क्लचची पेटी आणि पट्टा व कप्पी यांवर चालणारी अखंड बदलत्या प्रमाणाची पेटी यांनाही बोलण्यात ऑटोमॅटिकच म्हणतात. यांपैकी पहिला प्रकार भारतातील छोट्या मोटारगाड्यांत २०१४ साली मारुती सेलेरिओ या गाडीबरोबर आला. या तिन्हींची तत्त्वे व त्यांत उद्‌भवणारे दोष वेगळे असल्याने त्यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केलेला नाही.

अनेक वेगांची गरज : अंतर्ज्वलन एंजिन ठराविक वेगमर्यादेतच चांगले काम देते. फार सावकाश फिरल्यास ते गचके देते वा बंद पडते. फार वेगाने फिरल्यास इंधन वाया जाते आणि भाग झिजतात. चाकांना मात्र शून्यापासून सर्व वेगांनी फिरावे लागते. चाकाचा परिघ २ मी. आणि मागील आसावरील दंतचक्रांचे प्रमाण ३ आहे असे मानल्यास, ताशी १०० किमी. वेगाला चाके मिनिटाला सु. ८३३ फेरे व पेटीतून बाहेर येणारा दंड सु. २,५०० फेरे करील. पेटीतील प्रमाण ०·६७ असेल, तर एंजिनाला मिनिटाला जेमतेम १,७०० फेरे करावे लागतात. तेच प्रमाण ४·७० असेल, तर ११,७०० हून अधिक फेरे लागतील व नेहमीचे कोणतेही एंजिन ते करू शकणार नाही. उलट उभी गाडी चढावर हलविण्यासाठी ४·७० सारखेच मोठे प्रमाण सोयीचे असते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान प्रमाणांच्या भागाकाराला पेटीचा पल्ला म्हणता येईल. जुन्या चारवेगी पेट्यांत हा पल्ला सु. ४ असे, आधुनिक आठवेगी पेटीत तो ७ किंवा त्याहून थोडा अधिक असतो. पल्ला वाढविताना पायऱ्यांची संख्याही वाढवावी लागते. अन्यथा प्रत्येक बदलाच्या वेळी एंजिनाचा वेग फार घसरून धक्का बसतो. वेगांची संख्या वाढत जाण्याचे खरे कारण हे आहे. तीत जाहिरातीच्या चढाओढीचाही वाटा असला, तरी तो दुय्यम आहे.

इतिहास : द्रवाच्या साहाय्याने शक्तिप्रेषण करण्याची कल्पना जहाजांसाठी प्रथम पुढे आली. जर्मन अभियंते हेर्मान फटिंगर यांनी तिचे एकस्व १९०५ मध्ये घेतले. ग्रहगती दंतचक्रे फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी (१९०८) या गाडीत होती, परंतु ती पायाने चालवावी लागत. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९३९ मध्ये पुढील वर्षाच्या ओल्डस्मोबील गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ ही चारवेगी पेटी विक्रीस आणली. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली ही पहिली पूर्ण स्वयंचलित पेटी होय. दुसऱ्या महायुद्धात ती हलक्या रणगाड्यांतही वापरली गेली. प्रेरणेची वाढ करणारा टॉर्क परिवर्तक १९४८ मध्ये ब्यूइक गाड्यांत आला आणि त्यानंतर बराच काळ दोन वा तीन वेगांवरच भागविण्यात आले, कारण परिवर्तक स्वतःच वेगांमधील दरी भरून काढीत असे. ही चैन स्वस्त पेट्रोलवर अवलंबून होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर चौथा वेग व परिवर्तक यांत्रिक रीत्या जखडून टाकणारा क्लच सर्वत्र आले. जर्मनीतील झेडएफ कंपनीची सहावेगी पेटी २००१ मध्ये बीएमडब्ल्यू गाडीत बसविण्यात आली. मर्सिडीझ-बेंझने २००३ मध्ये सातवेगी, लेक्ससने २००६ मध्ये आठवेगी आणि मर्सिडीझ-बेंझ व झेडएफ यांनी २०१३ मध्ये नऊवेगी पेट्या आणल्या. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी मिळून विकसित केलेली दहावेगी पेटी २०१७ सालच्या गाड्यांत आली.

टॉर्क परिवर्तक : हाताने चालवावयाच्या गाडीत क्लचचे जे स्थान असते ते येथे परिवर्तकाचे असते. तेलाने भरलेल्या बंद कवचात पात्यांची तीन चक्रे असतात. एंजिनाबरोबर फिरणारा पंप तेल बाहेरच्या कडेकडे फेकतो, ते समोरच्या टरबाइनाच्या पात्यांवर आदळून तिला फिरविते आणि परतताना मधल्या स्थिर चक्राच्या पात्यांवरून वळविले जाऊन पंपाला साहाय्यभूत अशा दिशेने पुन्हा आत येते. या वळविण्यामुळे गाडी सुटताना फिरविण्याची प्रेरणा, म्हणजे टॉर्क, सु. दुप्पट होतो. दोन्ही चक्रांचे वेग जवळजवळ सारखे झाले म्हणजे मधले चक्र एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर मोकळे फिरू लागते व वाढ थांबते. तेलातील घसरणीत शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून गाडीने थोडा वेग घेताच एक क्लच पंप व टरबाइन यांना जखडतो. आधुनिक पेटीत हा क्लच पहिल्या वा दुसऱ्या वेगापासूनच लागतो. एंजिनाची थरथर पुढे जाऊ नये म्हणून तो पुष्कळदा मिनिटाला काही दहा फेऱ्यांइतका मुद्दाम घसरता ठेवतात. या सोयीची किंमत पुढे दोषांच्या विवेचनात दिसेल.

ग्रहचक्रमाला : मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे, त्यांना धरणारा वाहक आणि सर्वांबाहेर आतल्या बाजूस दाते असलेले वलयचक्र अशी हिची रचना असते. तीन भागांपैकी एक रोखून दुसऱ्याला गती दिल्यास तिसऱ्याकडून ठराविक प्रमाणात गती मिळते. सूर्यचक्राला ४८ व वलयचक्राला ९६ दाते आहेत असे धरू. वलय रोखून सूर्यचक्र फिरविले, तर वाहक तीन फेऱ्यांना एक फेरा करतो. सूर्यचक्र रोखून वलय फिरविले, तर दीड फेऱ्याला एक. सूर्यचक्र रोखून वाहकच फिरविला, तर वलय एंजिनापेक्षाही वेगाने, म्हणजे ०·६७ या प्रमाणात फिरते. वाहक रोखून सूर्यचक्र फिरविल्यास वलय उलट फिरते व गाडी मागे जाते. कोणतेही दोन भाग एकत्र जखडले, की संपूर्ण माला एकसंध फिरते. दाते कायम गुंतलेलेच असल्याने बदलाच्या वेळी चक्रे सरकवावी लागत नाहीत व शक्तीचा प्रवाह खंडित होत नाही.

एका मालेचे भाग दुसरीच्या भागांना जोडून वेगांची संख्या वाढविता येते. पूर्वी प्रत्येक नव्या वेगासाठी क्लचांची भर पडे व पेटी लांब आणि जड होत जाई. फ्रेंच अभियंते लेपेलेतिए यांच्या जुळणीमुळे पाच क्लचांत सहा वेग बसले. झेडएफ कंपनीची २००९ मध्ये वापरात आलेली आठवेगी पेटी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीत चार माला व पाचच क्लच असून त्यांपैकी दोन आपले भाग पेटीच्या कवचाशी रोखतात. प्रत्येक वेगात कोणतेही तीन क्लच लागलेले व दोन सुटलेले असतात. पाचांतून तीन निवडण्याच्या रीती १० होतात. त्यांपैकी आठ पुढच्या वेगांसाठी व एक मागे जाण्यासाठी वापरली आहे. सुटलेल्या क्लचच्या तबकड्या तेलात एकमेकींवर घासत राहून शक्ती खातात, म्हणून सुटे क्लच दोनच असणे फायद्याचे ठरते. लगतच्या वेगात जाताना एकच क्लच सुटतो व एकच लागतो. आठव्या वेगातून एकदम दुसऱ्या वेगातही एकाच अदलाबदलीने उतरता येते.

नियंत्रण : एंजिनाने चालणारा पंप तेलाला दाब देतो. झडपांच्या ठोकळ्यातील नागमोडी मार्गांतून तो दाब क्लचांच्या दट्ट्यांपर्यंत पोहोचतो आणि विद्युत् परिनालिकांनी चालणाऱ्या झडपा तो कमीजास्त करतात. प्रवेगकावरील पायाचा दाब, गाडीचा वेग, दंडांचे फेरे व तेलाचे तापमान पाहून इलेक्ट्रॉनीय नियंत्रक केव्हा कोणता क्लच लावावयाचा हे ठरवितो. सुटणारा व लागणारा क्लच यांची वेळ काही दशांश सेकंदांत जुळवावी लागते. दोन्ही क्षणभर एकदम पकडले, तर गाडीला हिसका बसतो; दोन्ही क्षणभर मोकळे राहिले, तर एंजिन भार नसल्याप्रमाणे उसळते. तबकड्या झिजल्या म्हणजे दट्ट्याला अधिक सरकावे लागून जास्त तेल लागते. नियंत्रक हा फरक प्रत्येक बदलाच्या वेळी मोजतो व पुढच्या खेपेस भरणीचा काळ तेवढा बदलतो. त्यामुळे पेटीची झीज बराच काळ चालकाच्या लक्षात येत नाही आणि ती लक्षात येते तेव्हा सुधारण्याची मर्यादा संपत आलेली असते.

तेल : या पेटीतील तेल केवळ वंगण नव्हे. परिवर्तकात ते शक्ती वाहून नेते, क्लचांवर दाब देते, उष्णता काढून नेते आणि त्याशिवाय क्लचच्या अस्तराचे घर्षण ठरविते. हे शेवटचे काम सर्वांत नाजूक आहे. तबकड्या घसरण्याचा वेग कमी होताना घर्षण वाढू लागले, तर त्या चिकटतात व सुटतात, पुन्हा चिकटतात. हे टाळण्यासाठी तेलात घर्षण बदलणारी रसायने घालतात. अमेरिकेत यासाठी स्पर्म देवमाशाचे तेल वापरले जाई. त्या माशाला संरक्षण मिळाल्यावर १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी पर्यायी रसायने शोधावी लागली. एका पेटीचे तेल दुसरीला चालेलच असे नाही. क्रायस्लर कंपनीच्या १९८९ मधील इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या चारवेगी पेटीबद्दल फार तक्रारी झाल्या. तिच्यात तिच्यासाठी खास बनविलेल्या तेलाऐवजी दुसरे सर्वसामान्य तेल घातले जाणे हे त्यांचे एक कारण होते.

सामान्य दोष : बहुतेक दोषांचे मूळ तेलाच्या अवस्थेत असते. तापमानात दर १०° से. वाढ झाली की ऑक्सिडीकरणाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून ८०° ते १००° से. या नेहमीच्या तापमानात दीर्घकाळ टिकणारे तेल ओझे ओढणाऱ्या किंवा घाटात व शहरी गर्दीत सतत चालणाऱ्या गाडीत लवकर निकामी होते. अनेक उत्पादक ‘आयुष्यभरासाठी भरलेले तेल’ असे सांगतात व पेटीला तेलाची पट्टीही ठेवीत नाहीत. हे आयुष्य गाडीचे, पहिल्या मालकाचे की हमीच्या मुदतीचे, याचा त्या शब्दांतून बोध होत नाही. झेडएफने मात्र आपल्या पेट्यांचे तेल ८०,००० ते १,२०,००० किमी. अंतरानंतर बदलण्याची शिफारस केली आहे व ती विश्वसनीय मानावयास हरकत नाही.

ताशी ५० ते ८० किमी. वेगाने, हलक्या पायाने जाताना गाडी रस्त्यावरील उंचवट्यांच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरणे हे मुद्दाम घसरत्या ठेवलेल्या परिवर्तक क्लचच्या त्रासाचे लक्षण आहे. तेलातील घर्षणरसायने क्षीण झाल्याने हे घडते व वेळीच योग्य तेल भरल्यास पुष्कळदा थांबते. दुर्लक्ष झाल्यास अस्तराचा भुगा तेलात मिसळून झडपांच्या ठोकळ्यात जातो. हा ठोकळा ॲल्युमिनियमाचा असतो. सतत मागेपुढे सरकणाऱ्या झडपांनी त्याची छिद्रे झिजली, की दाब गळतो व बदल कधी कठोर, कधी सैल होतात. गिअर टाकल्यावर गाडी हलण्यास एकदोन सेकंद उशीर लागणे हे दट्ट्यांचे रबरी बंध कडक झाल्याचे किंवा तेल कमी असल्याचे चिन्ह असते. जळका वास व काळसर रंग असलेले तेल क्लच जळाल्याचे दर्शवते. असा क्लच नव्या तेलाने बरा होत नाही. ‘तेल बदलले आणि पेटी गेली’ या तक्रारीमागे बहुधा आधीच संपलेला क्लच असतो.

काही पेट्यांत विजेची जोडणी कवचातून बाहेर येते तेथील बंध, तसेच तेलगाळणी अंतर्भूत असलेले प्लॅस्टिकचे तळपात्र, यांतून तेल झिरपते. गळती थेंबाथेंबाने होत असल्याने ती ध्यानात येत नाही. तेल कमी झाल्यावर प्रथम वळणावर वा चढावर पंप हवा ओढतो आणि दाब क्षणभर पडतो. पातळी तपासताना एंजिन चालू ठेवून तेल उत्पादकाने ठरविलेल्या तापमानाला, पुष्कळ पेट्यांत ३०° ते ५०° से. दरम्यान, आणावे लागते. थंड किंवा फार तापलेल्या तेलाची पातळी फसवी असते. ज्या गाड्यांत पेटीचे तेल एंजिनाच्या पाण्याच्या शीतकातूनच थंड केले जाते, त्यांत आतील नळी फुटल्यास पाणी तेलात मिसळते. तेल गढूळ गुलाबी होते, कागदी अस्तरे फुगून तबकड्यांपासून सुटतात आणि पेटी बहुधा पूर्ण उतरवावी लागते. परिनालिका वा वेगमापक बिघडल्यास नियंत्रक संरक्षणासाठी पेटी एकाच वेगात अडकवून ठेवतो. ही अवस्था पेटी निकामी झाल्याची खूण समजून ती बदलण्याची घाई केली जाते. वस्तुतः पुष्कळदा दोष एका तारेत वा जोडणीत सापडतो.

एंजिन बंद असताना पंपही बंद असतो. अशी गाडी चालक चाके जमिनीवर ठेवून ओढून नेल्यास दंतचक्रे व धारवे वंगणाशिवाय फिरतात आणि थोड्याच अंतरात जळू शकतात. म्हणून ती चाके उचलून किंवा संपूर्ण गाडी वाहनावर चढवूनच न्यावी लागते.