न वाळणारी माती

'वॉलेस अँड ग्रोमिट' पुन्हा कधी लावलंत तर वॉलेसच्या गालाकडे नीट बघा. बोटांचे ठसे दिसतील. एरवी मी इथे पेस्ट, जेल असल्या मऊ पदार्थांबद्दल लिहिते. आज अशाच एका पदार्थावर उभ्या राहिलेल्या स्टुडिओबद्दल: इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा आर्डमन.

आधी पदार्थ बघू. शाडूची माती पाण्यामुळे मऊ असते. पाणी उडालं की आकसते, घाईने वाळवली तर तडकते. प्लॅस्टिसिनमध्ये पाणीच नसतं. कॅल्शियम कार्बोनेटची पूड, पेट्रोलियम जेली आणि मेदाम्लं यांचं ते मिश्रण. उडून जायला काही नाही, म्हणून ते वाळत नाही. विल्यम हार्बट नावाच्या कलाशिक्षकाने १८९७ च्या सुमारास ते विद्यार्थ्यांसाठी बनवलं, तेही ब्रिस्टलपासून फार लांब नसलेल्या बाथजवळ.

दुसरा गुण आम्हा लोकांच्या जास्त आवडीचा: यील्ड स्ट्रेस. टूथपेस्ट ब्रशवर तशीच बसून राहते, पण ट्यूब दाबली की वाहते. म्हणजे एका मर्यादेच्या आत ती घनपदार्थासारखी वागते, मर्यादा ओलांडली की द्रवासारखी. प्लॅस्टिसिनही बोटाने ढकललं की वळतं आणि बोट काढलं की तिथेच थांबतं. स्टॉप-मोशनला नेमकं हेच लागतं. सेकंदाला २४ फ्रेम, एक पोझ दोन फ्रेम टिकते असं धरलं तरी अर्ध्या तासाच्या फिल्मला २१,६०० पोझ होतात. मात्र दिव्यांच्या उष्णतेने ही मर्यादा खाली येते आणि हात उंचावलेला बाहुला हळूहळू खाली वाकू लागतो. म्हणून आत धातूचा सांगाडा घालतात.

पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या शाळेतल्या मित्रांनी १९७२ मध्ये आर्डमन सुरू केलं. १९७७ मध्ये बीबीसीवर त्यांचा मॉर्फ आला. तपकिरी रंगाचा छोटा माणूस, मनात आलं की गोळा होऊन घरंगळत जाणारा! पदार्थाचा गुणधर्म हाच त्याचा स्वभाव. मला अजूनही तोच सगळ्यात आवडतो.

निक पार्कने 'अ ग्रँड डे आउट' १९८२ मध्ये विद्यार्थी असताना सुरू केली, १९८५ मध्ये तो आर्डमनमध्ये आला आणि फिल्म १९८९ मध्ये पूर्ण झाली. सात वर्षं, २३ मिनिटं. (पीएचडी करणाऱ्यांनी यातून हवा तो दिलासा घ्यावा.) ऑस्करला तिला नामांकन मिळालं, पण पुरस्कार नेला 'क्रीचर कम्फर्ट्स'ने. तीही त्याचीच.

२००० च्या 'चिकन रन'मध्ये अख्खी कोंबडी प्लॅस्टिसिनची करणं परवडलं नसतं. म्हणून धड सिलिकॉनचं आणि डोकं प्लॅस्टिसिनचं. त्यांच्या गळ्यातले स्कार्फ आणि माळा आठवतात? जोड झाकायला!

ऑक्टोबर २००५ मध्ये 'द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' अमेरिकेत तिकीटविक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि १० तारखेच्या पहाटे ब्रिस्टलमधलं गोदाम जळालं. जुने सेट, बाहुले, बरंच काही गेलं. दोनच दिवसांपूर्वी काश्मीरमध्ये भीषण भूकंप झाला होता. जगात चाललेल्या संकटांपुढे आमचं हे फार मोठं नाही, अशा अर्थाचं निक पार्क तेव्हा बोलला होता.

बाहुले पुन्हा करता येतात, पण ते हलवणारे हात सहज मिळत नाहीत. त्यामुळे २०१८ मध्ये लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांनी कंपनी एखाद्या बड्या स्टुडिओला न विकता ७५ टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टला दिला, हा मला त्यांचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो.

२०२३ मध्ये मात्र भलतीकडूनच धक्का बसला. आर्डमन वापरत असलेलं न्यूप्लास्ट बनवणारा डेव्हनमधला कारखाना बंद झाला. आता बातम्या अशा आल्या, की जणू वॉलेसच संपला! पुरेसा साठा आहे आणि नव्या मालाकडे वळायची तयारीही सुरू आहे, असं आर्डमनने सांगितलं. ऐकायला सोपं आहे, पण मेण-तेलाचं प्रमाण जरासं बदललं तरी यील्ड स्ट्रेस बदलतो, आणि वर्षानुवर्षं एकाच मालाला सरावलेल्या बोटांना तो फरक लगेच कळतो. २०२४ मध्ये 'व्हेन्जन्स मोस्ट फाउल' आली. ठसे तिच्यातही आहेत.